लिंकवरची अडत

कृषी पणन शिकवणाऱ्या पुस्तकांत कारंजा लाडचे नाव अगदी सुरुवातीला येते. आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या या गावचा कापूस बाजार १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने नियमांखाली आला आणि देशातला पहिला नियंत्रित शेतमाल बाजार म्हणून त्याची नोंद झाली. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे होते. १८५३ च्या करारापासून कारभार इंग्रज पाहत होते, म्हणून हुकूम रेसिडेन्सीचा. मोबाईलवरून मिळणाऱ्या कमिशनचे हे प्रकरण मी या जुन्या बाजारापासून सुरू करतो, कारण दुसऱ्याचा माल तिसऱ्याला विकून द्यायचा आणि मधल्याने शेकड्यावर पैसे घ्यायचे, ही कमाई या भागाने इंटरनेटच्या शंभर वर्षे आधी पाहिली, तिचा मार खाल्ला आणि तिला नियमही लागलेले पाहिले. अफिलिएट मार्केटिंगमध्ये नवे वाटणारे बरेच काही इथे आधीच घडून गेले आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला एकाएकी परदेशी गिऱ्हाईक मिळाले. युद्ध संपल्यावर भाव पडले, व्यापार मात्र राहिला. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा गेला. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंजावरून धावू लागली. लोक तिला शकुंतला म्हणतात, आणि ती मुळात कापसासाठीच टाकलेली होती. शेतकरी बैलगाडीत कापूस भरून बाजारात येई. खरेदीदार कोण, जिनवाला कोण, मुंबईच्या पेढीचा माणूस कोण, हे त्याला ठाऊक नसे. ते ठाऊक असणारा माणूस म्हणजे अडत्या. तो माल उतरवून घेई, गिऱ्हाईक आणी, सौदा जमवी, काटा करवी, चुकारा देई आणि त्यातून आपली अडत कापून घेई.

या कामाला मोल आहे, हे आधी मान्य करायला हवे. खरेदीदार आठ दिवसांनी पैसे देणार असला तरी शेतकऱ्याच्या हातावर त्याच संध्याकाळी रक्कम ठेवणारा अडत्या स्वतःचा पैसा अडकवत असतो, बुडण्याची जोखीम घेत असतो. भांडण अडतीशी नव्हतेच. अडत किती, कोणाकडून आणि कशावर, हे शेतकऱ्याला कळत नसे. भांडण त्याचे होते. देशातल्या कितीतरी बाजारांत सौदा रुमालाखाली चाले. दोन दलाल कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत आणि ज्याचा माल तो शेजारी उभा राहून नुसता बघे. काट्यावर कडता कापला जाई. हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नावांनी पट्टीवरच्या ओळी वाढत जात. आणि अडत्या शेतकऱ्याचाही माणूस असे आणि खरेदीदाराचाही.

१८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बाजारावर देखरेख ठेवणारी पाच जणांची समिती, परवाना घेतलेले दलाल आणि मापारी, बेकायदा बाजारांना बंदी, अशी त्याची चौकट होती. समितीतले दोघे नगरपालिकेचे आणि तिघे कापूस व्यापाऱ्यांचे. शेतकऱ्याला एकही जागा नव्हती. गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात मिळावा ही या कायद्यामागची खरी ओढ होती, आणि ज्याच्या सोयीसाठी नियम लिहिला गेला त्याचा हात त्यात ठळक दिसतो. तरीही काटा कोणी धरायचा आणि दलाली कोणी करायची हे कुणीतरी लिहून ठेवले, हा त्यातला मोठा बदल. पुढे १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली आणि १९६३ मध्ये महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा आला.

इतके होऊनही अडत द्यायची कोणी, हा प्रश्न सुटायला आणखी अर्धे शतक लागले. डिसेंबर २०१४ मध्ये राज्याच्या पणन संचालकांनी शेतकऱ्याकडून अडत घेऊ नये, ती खरेदीदाराकडून घ्यावी असा आदेश काढला. काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त करताना पुन्हा तेच ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी ठिकठिकाणी बाजार बंद ठेवले. शेकड्यातल्या काही रुपयांसाठी एवढा संघर्ष झाला, यात नवल नाही. मधल्या माणसाचे पैसे कोणाच्या खिशातून जातात, माप कोणाच्या हातात आहे आणि तो मधला माणूस नेमका कोणाच्या बाजूचा आहे, या तीन गोष्टी ठरल्या की बाजार ठरतो. अफिलिएटचा धंदा करू पाहणाऱ्या मुलामुलींनी हेच तीन प्रश्न स्वतःच्या धंद्याला विचारावेत, असे मला मनापासून वाटते.

आता लिंकवरचा बाजार कसा चालतो ते पाहू. एखाद्या विक्री करणाऱ्या कंपनीकडे तुम्ही अफिलिएट म्हणून नाव नोंदवता. कंपनी तुम्हाला एक खूण देते आणि ती खूण त्या कंपनीच्या मालाच्या लिंकमध्ये शेवटी जोडलेली असते. ती लिंक तुम्ही आपल्या लेखात, यूट्यूबच्या व्हिडिओखाली, व्हॉट्सॲपच्या गटात टाकता. कुणी तिच्यावर बोट ठेवले की त्याच्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद बसते, तिला कुकी म्हणतात. ठरलेल्या मुदतीत त्या माणसाने खरेदी केली तर कंपनीच्या वहीत तो सौदा तुमच्या नावावर लिहिला जातो. ॲमेझॉनच्या योजनेत ही मुदत २४ तासांची आहे. माल परत आला तर कमिशनही परत जाते. म्हणूनच पैसे लगेच मिळत नाहीत. महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी खात्यात येतात.

ही कल्पना अमेरिकेतली. १९८९ मध्ये विल्यम टोबिन यांनी प्रॉडिजी या संगणकजाळ्यावर फुले आणि भेटवस्तू विकायचा व्यवसाय सुरू केला आणि होणाऱ्या विक्रीवर त्या जाळ्याच्या मालकांना हिस्सा दिला. जुलै १९९६ मध्ये ॲमेझॉनने आपली सहयोगी योजना काढली. तेव्हा ती कंपनी फक्त पुस्तके विकत होती, आणि पुस्तकांविषयी लिहिणाऱ्या कुणालाही शिफारशीचे पैसे मिळू लागले. जून २०१३ मध्ये ॲमेझॉन भारतात आली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोने तर सुरुवातीची वाढ घरबसल्या विकणाऱ्या बायकांच्या जोरावर केली: साडीचा फोटो नातेवाइकांच्या गटात टाकायचा, किमतीवर आपला नफा चढवायचा, माल कंपनी पाठवणार. ही अफिलिएटची नेमकी रीत नव्हे, जवळची बहीण म्हणता येईल. पुढे त्याच कंपनीचा भर थेट गिऱ्हाइकांवर गेला. मधल्यांनी तयार करून दिलेले गिऱ्हाईक शेवटी कंपनीचे होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कमिशन देतो कोण? कंपनी, म्हणजे पर्यायाने माल विकणारा. लिंकवरून घेतले म्हणून गिऱ्हाइकाला चार पैसे जास्त पडत नाहीत. पण जाहिरातीचा खर्च जसा मालाच्या किमतीत मुरलेला असतो तसेच हेही मुरलेले असते.

माप कोणाच्या हातात आहे? इथे थांबायला हवे, कारण अफिलिएटच्या धंद्यातली सगळ्यात कमकुवत जागा हीच आहे. लिंकवर किती जण आले, किती जणांनी घेतले, किती माल परत गेला, हे मोजणारा काटा पूर्णपणे कंपनीचा असतो. बाजार समितीत काट्याबद्दल शंका आली तर शेतकरी फेरवजन मागू शकतो, समितीकडे तक्रार करू शकतो. इथे कंपनीने दाखवलेला आकडा हाच आकडा. दराचेही तसेच. बाजार समितीत अडतीचा दर नियमाने बांधलेला असतो. अफिलिएटचा दर कंपनी ठरवते आणि कंपनीच बदलते. एप्रिल २०२० मध्ये जग घरात बसलेले असताना ॲमेझॉनने अमेरिकेतले दर कापले: फर्निचरवरचे कमिशन आठ टक्क्यांवरून तीनवर, किराण्यावरचे पाचवरून एकवर. सूचना आणि अंमल यांत आठवड्याचे अंतर होते. ज्यांनी वर्षानुवर्षे त्या एकाच दारावर घर उभे केले होते त्यांची कमाई एका फटक्यात निम्म्याहून खाली आली.

मापात पाप करणारे इकडेही निघाले. ईबे या कंपनीचा एके काळचा सर्वांत मोठा अफिलिएट शॉन होगन याने लोकांच्या संगणकांत त्यांच्या नकळत कुकी घुसवल्या. माणूस ईबेवर स्वतःहून गेला तरी सौदा होगनच्या नावावर चढत होता. अशा रीतीने त्याच्याकडे दोन कोटी ऐंशी लाख डॉलरच्या आसपास कमिशन गेले आणि २०१४ मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. याच्या उलट दिशेचा आरोप डिसेंबर २०२४ मध्ये मेगालॅग या यूट्यूब वाहिनीने केला. पेपालने सुमारे चार अब्ज डॉलरना विकत घेतलेले हनी हे सवलतीची कूपने शोधून देणारे साधन खरेदीच्या अगदी शेवटच्या क्षणी दुसऱ्या अफिलिएटची कुकी पुसून तिथे स्वतःची बसवते, असा तो आरोप होता. त्यावरून अमेरिकेत दावे दाखल झाले. शिफारस करायला एकाने राबायचे आणि काट्याजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्याने पट्टीवर आपले नाव लिहून घ्यायचे, हा प्रकार जुन्या कापूस बाजाराला अनोळखी वाटला नसता.

आता हिशोब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचा व्हिडिओ एक हजार लोकांनी पाहिला. त्यातल्या पन्नास जणांनी लिंक उघडली. दोघांनी दीड हजाराची वस्तू घेतली. कमिशन पाच टक्के धरले तर दीडशे रुपये झाले, आणि एकाने माल परत केला तर पंच्याहत्तर. महिन्याला दहा हजार रुपये हवे असतील तर या हिशोबाने महिन्याला सव्वाशेच्या वर पक्क्या विक्री हव्यात. मोबाईलसारख्या महाग वस्तूंवर दर बहुधा कमी असतो, कपडे आणि घरगुती वस्तूंवर जास्त, पण तिथे माल परत येण्याचे प्रमाणही जास्त. झोपेतही पैसे मिळतात असे सांगून कोर्स विकणारे हा हिशोब कधी मांडत नाहीत. कारण त्यांची स्वतःची कमाई कोर्सच्या फीतून येते, आणि अनेकदा कोर्स पुढे विकणाऱ्या विद्यार्थ्याला कोर्सवरच कमिशन असते. साखळीत माणसे आणण्याचेच पैसे मिळत असतील, तर तो अफिलिएटचा धंदा राहत नाही. १९७८ च्या कायद्याने अशा पैसा फिरवण्याच्या योजनांना बंदी आहे आणि डिसेंबर २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजना बेकायदा ठरवल्या आहेत. साधी कसोटी अशी: माल नेमका कोण वापरतो? वापरणारा कुणी नसेल आणि सगळेच विकणारे असतील, तर पैसे शेवटच्या रांगेतल्या पोरांच्या आईबापांचे आहेत.

मग या धंद्यात काही अर्थ आहे की नाही? आहे, पण तो माहितीत आहे. वाशिमच्या मुलाने मोबाईलच्या नव्या मॉडेलविषयी बोलून काही होणार नाही. ते काम मोठ्या शहरांतले, मोठ्या स्टुडिओतले लोक आधीच करत आहेत. पण पावसाआधी आणि सोयाबीनच्या सुडी लावताना ताडपत्री कोणती घ्यावी, किती जीएसएमची दोन हंगाम टिकते, कोपऱ्यातल्या कड्या कुठे आधी तुटतात, हे रिसोड किंवा मानोऱ्याच्या शेतकऱ्याला त्याच्या बोलीत सांगणारे फार थोडे आहेत. बॅटरीच्या फवारणी पंपाची बॅटरी खरोखर किती टाक्या चालते, नोझल कोणते, सुटे भाग मालेगावच्या दुकानात मिळतात की नाही, हे वापरलेल्या माणसालाच कळते. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावणाऱ्या मुलाला डांबरी रस्त्यावर आणि मातीच्या मैदानावर कोणते बूट टिकतात हे हवे असते. अंगणवाडीताईला, शिवणकाम करणाऱ्या बाईला, शेतातल्या मोटारीला मोबाईलवरून चालू करणारा स्टार्टर शोधणाऱ्याला, प्रत्येकाला आपल्या भाषेत, आपल्या परिस्थितीत वापरून पाहिलेल्या माणसाचा शब्द हवा असतो. तो शब्द हेच अफिलिएटचे भांडवल, आणि कंपनीच्या हातात नसलेली त्याची एकमेव वस्तू.

इथे वेळेचे गणितही शेतीसारखेच चालते. ताडपत्रीचा लेख ऑक्टोबरात सोयाबीन पडल्यावर लिहून उपयोग नाही. तो ऑगस्टमध्ये तयार हवा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेपर्यंत त्याला महिना दोन महिने मिळतात. लेख एकदा बसला की पुढच्या हंगामातही लोक येतात, मात्र दर हंगामाला भाव, मॉडेल आणि बंद पडलेल्या लिंका दुरुस्त कराव्या लागतात. सुरुवातीचे सहा महिने हातात जवळजवळ काही पडत नाही. ॲमेझॉनच्या योजनेत तर पहिल्या १८० दिवसांत तीन पक्क्या विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होऊ शकते, आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतःच केलेली खरेदी त्यात धरत नाहीत.

आणि एक मर्यादा मी ठामपणे सांगेन. कीटकनाशक, तणनाशक, औषध, बियाणे यांची शिफारस कमिशनसाठी करू नये. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कोणते औषध कशात मिसळायचे, किती मात्रा, कोणत्या वाऱ्यात फवारायचे, हा सल्ला देणाऱ्याला त्या विषयाचे शिक्षण हवे आणि त्याच्यावर जबाबदारी हवी. ज्याचे पैसे बाटल्यांच्या संख्येवर ठरतात त्याने तो सल्ला देणे मला अनैतिक वाटते. हातमोजे, गॉगल, मास्क, पूर्ण अंगाचा फवारणी पोशाख यांविषयी मात्र जितके बोलता येईल तितके बोलावे.

पैशांच्या बाबतीतही हेच. शेअर बाजाराचे खाते उघडून दिले की कमिशन, हा काही वर्षे अफिलिएटचा सर्वांत लाभदायक प्रकार होता. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने नियम बदलले आणि नोंदणी नसताना गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांशी आपल्या नियंत्रणाखालच्या संस्थांनी संबंध ठेवू नयेत असे बजावले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात अशा खेळांची जाहिरात करणेही गुन्हा आहे. अशा ॲपची लिंक टाकून पैसे मिळवणारा मुलगा स्वतःला अफिलिएट म्हणवून घेईल, कायद्याच्या नजरेत तो जाहिरात करणारा आहे.

तिसरा प्रश्न उरला: मधला माणूस कोणाच्या बाजूचा? अफिलिएट पैसे कंपनीकडून घेतो आणि बोलतो गिऱ्हाइकाशी, मित्राच्या आवाजात. दोन्हीकडचा माणूस असण्याची जुनी अडचण इथे पूर्ण रूपात हजर आहे. ती पुसून टाकता येत नाही. उघड सांगता मात्र येते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून २०२१ पासून समाजमाध्यमांवरच्या अशा शिफारशींवर ठळक खूण करणे आवश्यक ठरवले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शक सूचना दिल्या: पैसे, वस्तू, सवलत, कमिशन, कोणताही लाभ घेत असाल तर ते सोप्या भाषेत, सहज दिसेल असे सांगा, आणि स्वतः न वापरलेल्या वस्तूची वापरल्यासारखी शिफारस करू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत. मराठीत एक वाक्य पुरते: या लिंकवरून तुम्ही घेतलेत तर मला कमिशन मिळते, तुम्हाला किंमत तीच पडते. ते लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात नको, लिंकच्या आधी हवे. त्याने विक्री घटते अशी भीती अनेकांना वाटते. माझे मत उलटे आहे. आपल्या गावात पोस्टाची बचत गोळा करणारी महिला एजंट मासिक आवर्ती ठेवीवर चार टक्के कमिशन घेते, हे घराघरात ठाऊक असते, आणि तरी लोक तिच्याच हाती हप्ता देतात. कमिशनमुळे तिच्यावरचा विश्वास कमी होत नाही. तिने हप्ता भरला नाही तर होईल.

कमिशनच्या नावाखाली चालणाऱ्या चोरीविषयी दोन शब्द. टेलिग्रामवर निरोप येतो: व्हिडिओला पसंती द्या, हॉटेलला पाच तारे द्या, प्रत्येक कामाचे पन्नास रुपये. पहिले दोनशे तीनशे खरोखर खात्यात येतात. मग मोठ्या कमिशनच्या कामासाठी आधी हजार भरा, मग दहा हजार, मग अडकलेली रक्कम सोडवायला कर भरा. अफिलिएटच्या खऱ्या योजनेत नाव नोंदवायला एक रुपयाही लागत नाही. कमिशन मिळवण्यासाठी आधी पैसे मागितले की तिथेच उठावे. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असते.

कराचे कलम कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४ एच खाली कमिशन आणि दलालीवर कापला जाणारा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून पाचवरून दोन टक्क्यांवर आला, आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला वीस हजारांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही. पॅन दिला नाही तर वीस टक्के कापले जातात. एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर विवरणपत्र भरून कापलेले पैसे परत मिळतात. अनेक मुले ते भरतच नाहीत आणि हजार दोन हजार सरकारकडे तसेच राहतात. छोट्या धंद्यांना ठोक टक्केवारीने उत्पन्न दाखवण्याची जी सवलत त्याच कायद्याच्या कलम ४४ एडीत होती, ती कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला लागू नव्हती. म्हणून इंटरनेटचे बिल, कॅमेरा, परीक्षणासाठी विकत घेतलेला माल, सगळ्यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपाव्यात.

आतापर्यंत आपण वाशिमच्या माणसाला दुसऱ्याच्या मालाचा अडत्या म्हणून पाहिले. पण या जिल्ह्याकडे स्वतःचा माल आहे, आणि मला जास्त आशा तिथे वाटते. रिसोड-मालेगाव भागातली हळद, तूर आणि तुरीची डाळ, आणि गेल्या काही वर्षांत पाण्याची कमी गरज आणि जनावरांचा कमी त्रास म्हणून वाढत गेलेला चिया. चियाचे दाणे शहरांत किलोऐवजी छोट्या पाकिटांत विकले जातात आणि पाकिटावरच्या भावाचा शेतकऱ्याच्या चुकाऱ्याशी फारसा संबंध राहत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा महिला बचत गटाने हा माल स्वतः निवडून, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घेऊन, पाकिटे करून विकायला काढला, तर पुण्या-मुंबईत शिकणारी, नोकरी करणारी वाशिमची शेकडो मुले त्याची शिफारस करू शकतात. त्यासाठी मोठ्या कंपनीची यंत्रणा लागत नाही. प्रत्येकाला एक कूपन शब्द द्यायचा. त्या शब्दावर आलेली मागणी एका वहीत किंवा संगणकाच्या तक्त्यात लिहायची. गिऱ्हाइकाला पाच टक्के सवलत, शिफारस करणाऱ्याला आठ टक्के, पैसे माल पोचल्यावर पंधरा दिवसांनी, परत आलेला माल वजा.

अशा योजनेत दर शेतकऱ्यांच्या संस्थेने ठरवलेला असेल आणि काटाही तिचाच असेल. म्हणून तिच्यावर बंधनही जास्त आहे. दर महिन्याला प्रत्येक शिफारस करणाऱ्याला छापील पट्टी मिळाली पाहिजे: किती मागण्या, किती रक्कम, किती परत, किती कमिशन, किती टीडीएस. दर बदलायचा असेल तर निदान एका हंगामाची आगाऊ सूचना हवी. हिशोब पटला नाही तर वही उघडून बघण्याचा हक्क हवा, आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीत माल पिकवणारा, शिफारस करणारा आणि नेहमीचा एखादा गिऱ्हाईक असे तिघेही हवेत. सुरुवात एकाच मालापासून, चाळीस-पन्नास किलोंच्या एका खेपेपासून करता येते. हळद मार्च-एप्रिलमध्ये शिजून, वाळून, पॉलिश होऊन तयार असते. त्या आधीच्या जानेवारीत कूपने वाटून ठेवली तर पहिली मागणी माल घरात असतानाच येईल.